घरच्या शेगडीवर चिनी जेवण: तयारी, क्रम आणि नेहमी होणाऱ्या चुका

चीनमध्ये घरोघरी रोज होणारे पदार्थ मोजक्या जिन्नसांचे असतात आणि एकदा कढई तापली की पाच-सात मिनिटांत तयार होतात. तरीही आपल्याकडे ते करून पाहणाऱ्यांच्या तक्रारी ठरलेल्या असतात: बटाटा गाळ झाला, चिकन चिवट झाले, अंडी वातड झाली, भाताचा गोळा झाला. या चारही तक्रारींचे मूळ बहुतेक वेळा तयारीत आणि क्रमात सापडते. भाजी आचेवर ठेवून पुढची चिराचिरी करण्याची आपल्याला सवय असते, कारण आपल्या बहुतेक भाज्या झाकण ठेवून निवांत शिजतात. चिनी परतण्यात ती सवड मिळत नाही; लसूण तेलात पडल्यावर बटाटा धुवायचा आठवला, तर लसूण करपतो आणि बटाटा ओलाच कढईत जातो. म्हणून या लेखात कृतींच्या बरोबरीने आचेआधीच्या कामाला जागा दिली आहे.

हॉटेलांत मिळणारे मांचुरियन किंवा शेझवान राइस येथे घेतलेले नाहीत. ठेचलेली काकडी, आंबट-तिखट बटाटा, टोमॅटो-अंडी, ढोबळी मिरची घालून परतलेले चिकन आणि अंड्याचा परतलेला भात हे पाच पदार्थ चिनी घरांतले आहेत आणि त्यांपैकी एकालाही बाटलीतला लाल शेझवान सॉस किंवा अजिनोमोटो लागत नाही. पहिल्या चार पदार्थांचे प्रमाण, सोबत साधा भात आणि आणखी एखादा पदार्थ असेल असे धरून, तिघांसाठी दिले आहे. छोटा चमचा म्हणजे ५ मिलिलिटर आणि मोठा चमचा म्हणजे १५ मिलिलिटर.

टप्पा १: जिन्नस तपासून घेणे

सोया सॉसचे दोन प्रकार असतात आणि त्यांची अदलाबदल केली की पदार्थ हमखास बिघडतो. लाइट सोया सॉस पातळ आणि खारट असतो व तो चवीसाठी वापरतात. डार्क सोया सॉस दाट, किंचित गोडसर असतो आणि तो मुख्यतः रंगासाठी असतो. पुढच्या सर्व कृतींत लाइट सोया सॉसच धरला आहे. घरात फक्त डार्क असेल तर सांगितलेल्या प्रमाणाच्या निम्मा घ्यावा आणि कमी पडणारा खारटपणा मिठाने भरून काढावा. सगळा पदार्थ काळपट दिसत असेल, तर चुकीची बाटली उघडली गेली आहे असे समजावे.

व्हिनेगरच्या बाबतीतही असेच आहे. चीनमध्ये जिआंग्सू प्रांतातल्या झेनजिआंगचे तांदळापासून केलेले काळे व्हिनेगर प्रसिद्ध आहे, पण बटाट्याला पांढरे व्हिनेगरही चालते. आपल्याकडे वाण्याकडे मिळणाऱ्या स्वस्त बाटलीवर बहुधा ‘सिंथेटिक’ असे छापलेले असते. त्याचा आंबटपणा उग्र असतो, म्हणून ते वापरताना प्रमाणाच्या दोन-तृतीयांशापासून सुरुवात करावी आणि चाखून वाढवावे.

कॉर्नफ्लॉवर म्हणजे मक्याचे सत्त्व. ते पांढरेशुभ्र असते आणि चिमटीत दाबले की करकरते. भाकरीसाठी आणतो ते मक्याचे पिवळसर पीठ येथे उपयोगाचे नाही. ते लावलेल्या चिकनवर पिठूळ थर बसतो.

तिळाचे तेल चिनी कृतींत येते ते भाजलेल्या तिळांचे, गडद रंगाचे आणि तीव्र वासाचे असते. घाण्यावरचे फिकट तेल कच्च्या तिळांचे असल्याने त्याला तो वास येत नाही. गडद तेल मिळाले नाही, तर एक छोटा चमचा तीळ खमंग भाजून, जाडसर कुटून शेवटी घालावेत. गडद तेल मिळाले तरी त्यात परतू नये, कारण मोठ्या आचेवर त्याचा सुगंध जातो आणि कडवटपणा उरतो.

राहिली सिचुआन मिरी, म्हणजे जिभेला झिणझिण्या आणणारी लालसर टरफले. कोकणात आणि गोव्यात बांगड्याच्या कालवणात पडणारे तिरफळ याच वनस्पतीकुळातले, अगदी सख्ख्या नात्यातले आहे. त्याची चव अधिक उग्र आणि लिंबाच्या सालीकडे झुकणारी असते, त्यामुळे पदार्थ हुबेहूब होणार नाही, परंतु झिणझिणी खरी मिळते. दोन्हींच्या बाबतीत नियम एकच: आतले काळे बी काढून टाकायचे आणि फक्त टरफल वापरायचे.

टप्पा २: कढई आणि आच समजून घेणे

चिनी उपाहारगृहांतल्या शेगड्यांची आच घरगुती गॅसच्या कितीतरी पट मोठी असते. त्या आचेवर चार जणांचे साहित्य एकदम टाकले तरी कढई थंड पडत नाही. घरच्या शेगडीवर तेच केले की कढईचे तापमान कोसळते, भाजीला पाणी सुटते आणि परतण्याऐवजी उकडणे सुरू होते. घरच्या शेगडीवर यावर उपाय म्हणजे साहित्य कमी घेणे. ज्यांना प्रमाण दुप्पट करायचे आहे त्यांनी पदार्थ दोनदा करावा; कढईत दुप्पट साहित्य घालू नये.

पातळ लोखंडी कढई सर्वांत चांगली. आपली जाड बिडाची कढईही चालते. ती तापायला वेळ घेते, पण एकदा तापली की साहित्य पडल्यावर चटकन थंड होत नाही. फक्त ती तापवायला चार-पाच मिनिटे द्यावीत आणि पदार्थ झाल्यावर तत्काळ दुसऱ्या भांड्यात काढावा, नाहीतर गॅस बंद केल्यावरही तो तिच्यात शिजतच राहतो.

तापवण्याचा क्रम असा: आधी रिकामी कढई मोठ्या आचेवर तापवायची, मग तेल घालून ते कडेपर्यंत फिरवायचे आणि लगेच पहिला जिन्नस घालायचा. थंड कढईत तेल घालून दोन्ही एकत्र तापवले, तर अंडी आणि कॉर्नफ्लॉवर लावलेले चिकन तळाला चिकटते.

तपासणी: रिकाम्या तापलेल्या कढईत पाण्याचे दोन थेंब टाकावेत. ते जागच्या जागी चुरचुरून आटले तर कढई अजून कमी तापलेली आहे. मण्यांसारखे गोल होऊन तळावर धावू लागले तर ती तयार आहे. थेंब पूर्ण उडून जाईपर्यंत थांबूनच तेल घालावे.

सावधान: नॉनस्टिक भांडे रिकामे तापवू नये. साधारण २६० अंश सेल्सिअसच्या पुढे त्याचा लेप खराब होऊ लागतो आणि रिकामे भांडे मोठ्या आचेवर तिथवर लवकर पोहोचते. नॉनस्टिकच वापरायचे असेल तर तेल सुरुवातीलाच घालावे आणि आच मध्यमच्या किंचित वर ठेवावी.

टप्पा ३: चिरणे, निथळणे, मांडणे

एका पदार्थातले सगळे तुकडे एकाच जाडीचे हवेत. दोन मिनिटांच्या परतण्यात जाड तुकडा कच्चा आणि पातळ तुकडा गाळ होण्याइतका फरक पडतो. आपल्या रसभाजीत तो झाकला जातो, येथे झाकला जात नाही. लसूण बारीक चिरावा, ठेचून गोळा करू नये, कारण ठेचलेला लसूण गरम तेलात काही सेकंदांत करपतो. पातीच्या कांद्याचा पांढरा भाग आणि हिरवी पात वेगळी ठेवावी. पांढरा भाग सुरुवातीला तेलात जातो, पात गॅस बंद करताना.

धुतलेली प्रत्येक भाजी रोळीत निथळून वर कापडाने टिपावी. हे काम सर्वाधिक वगळले जाते आणि सर्वाधिक नुकसान करते. भाजीवर राहिलेले पाणी आटेपर्यंत कढईचे तापमान चढत नाही, आणि ते आटेपर्यंत भाजी मऊ पडलेली असते.

मग सॉस. सोया सॉस, साखर, पाणी, कॉर्नफ्लॉवर असे जे काही शेवटी घालायचे असेल ते आधीच एका वाटीत कालवून ठेवावे. बाटल्या उघडत आणि चमचे शोधत असताना कढईतला पदार्थ पुढे गेलेला असतो. कॉर्नफ्लॉवर तळाशी बसते, म्हणून वाटी ओतण्याच्या क्षणी पुन्हा ढवळावी. न ढवळता ओतले की वरचे पाणी कढईत जाते, तळाचा चिकट थर वाटीतच राहतो आणि रस दाट का झाला नाही हे कळत नाही.

शेवटी सगळ्या वाट्या शेगडीशेजारी, ज्या क्रमाने कढईत जाणार त्याच क्रमाने डावीकडून उजवीकडे मांडाव्यात. शेवटची जागा पदार्थ काढण्याच्या रिकाम्या ताटलीची.

तपासणी: गॅस पेटवण्याआधी सुरी आणि पाट धुऊन बाजूला ठेवता येतात का ते पाहावे. काही चिरायचे राहिले असेल, तर गॅस पेटवू नये.

टप्पा ४: ठेचलेली काकडी

हा थंड पदार्थ सर्वांत आधी करून ठेवावा. साधारण ३०० ग्रॅम काकडी घ्यावी, टोके कापून चाखावीत आणि कडू निघाली तर ती काकडी बाद करावी. साल जाड असेल तर काढावी. काकडी पाटावर आडवी ठेवून रुंद सुरीच्या सपाट बाजूने, किंवा सरळ लाटण्याने, ती तडकेपर्यंत ठोकावी आणि मग तिरके तुकडे करावेत. ठोकल्याने पडलेल्या ओबडधोबड कडांना सॉस धरतो. सुरीने कापलेल्या गुळगुळीत चकत्यांवरून तो ओघळून जातो. मोठ्या बियांचा गर काढून टाकावा.

तुकड्यांना अर्धा छोटा चमचा मीठ चोळून दहा मिनिटे रोळीत ठेवावे. सुटलेले पाणी फेकून द्यावे. वाढण्याआधी बारीक चिरलेल्या दोन-तीन लसूण पाकळ्या, एक मोठा चमचा व्हिनेगर, दोन छोटे चमचे सोया सॉस, एक छोटा चमचा साखर आणि अर्धा छोटा चमचा गडद तिळाचे तेल घालून हलवावे. सॉस आधीच घालून ठेवला तर तासाभरात ताटलीत पाण्याचे तळे होते.

टप्पा ५: आंबट-तिखट बटाटा

या पदार्थात बटाटा कुरकुरीत राहायला हवा, आणि आपल्या जिभेला बटाटा मऊच हवा असतो. त्यामुळे अनेक जण तो झालेला असताना ‘अजून कच्चा आहे’ असे समजून झाकण ठेवतात. येथे झाकण ठेवायचे नाही.

साहित्य: बटाटे ३०० ग्रॅम, सुक्या लाल मिरच्या ३-४, लसूण ३ पाकळ्या, सिचुआन मिरी अर्धा छोटा चमचा (किंवा २-३ तिरफळे), व्हिनेगर एक मोठा चमचा, मीठ पाऊण छोटा चमचा, तेल दोन मोठे चमचे. हवी असल्यास अर्धी ढोबळी मिरची, बटाट्याइतक्याच बारीक उभ्या चिरीची.

१. बटाटा टणक घ्यावा. सुरकुतलेला किंवा कोंब आलेला नको. साल काढून एका बाजूची पातळ फोड कापावी, म्हणजे बटाटा पाटावर सपाट बसतो आणि सुरीखाली घसरत नाही. दोन-तीन मिलिमीटर जाडीच्या चकत्या कराव्यात, त्या पत्त्यांसारख्या एकमेकींवर तिरक्या पसराव्यात आणि तेवढ्याच जाडीच्या काड्या कापाव्यात. चकत्या करणारे साधन असेल तर जरूर वापरावे, पण रोजची किसणी वापरू नये. किसलेला बटाटा तुटतो, त्याला चीक सुटतो आणि काडी उरत नाही.

२. काड्या भरपूर गार पाण्यात घालून हाताने हलक्या चोळाव्यात. पाणी दुधासारखे होईल. तो कापलेल्या कडांवरचा स्टार्च. पाणी बदलत राहावे आणि ते जवळजवळ निवळ झाले की काड्या दहा मिनिटे त्यातच ठेवाव्यात. स्टार्च राहिला, तर कढईत त्याची खळ होऊन काड्या एकमेकींना चिकटतात.

३. रोळीत निथळून कापडावर पसराव्यात आणि टिपून कोरड्या कराव्यात.

तपासणी: मूठभर काड्या उचलून सोडून पाहाव्यात. त्या सुट्या पडल्या पाहिजेत. गुच्छाने पडत असतील तर पुन्हा धुवाव्यात.

४. कढई तापवून तेल घालावे आणि आच लगेच मंद करावी. सिचुआन मिरी घालून तिचा वास येईपर्यंत थांबावे आणि ती गडद होण्याआधी झाऱ्याने काढून टाकावी. तिरफळ वापरत असाल तर टरफले किंचित ठेचून घालावीत आणि तशीच काढावीत. मग मिरच्यांचे तुकडे, पाच-सहा सेकंदांनी लसूण.

५. लसणाचा वास सुटताच आच पूर्ण मोठी करून बटाटा आणि ढोबळी मिरची एकदम घालावी. उलथण्याने तळापासून वर असे सतत परतावे. एका मिनिटाने व्हिनेगर कढईच्या कडेने सोडावे, बटाट्यावर ओतू नये; तापलेल्या लोखंडावर त्याचा उग्र वास जातो आणि आंबटपणा राहतो. व्हिनेगर लवकर घालण्यामागे आणखी एक कारण आहे: आम्लामुळे बटाट्याच्या पेशींना धरून ठेवणारे पेक्टिन सहजासहजी सैल होत नाही आणि काडी कुरकुरीत राहते. चिंच घातल्यावर भाजी लवकर शिजत नाही, हा आपल्या स्वयंपाकघरातला अनुभव याच कारणाने येतो.

६. मीठ घालून आणखी एक ते दीड मिनिट परतावे आणि लगेच ताटलीत काढावे.

तपासणी: काडी बोटांवर वाकली पाहिजे, पण चावताना कुरकुरली पाहिजे, आणि कच्च्या बटाट्याचा मातकट वास राहता कामा नये. वाकण्याआधीच तुटत असेल तर अर्धा मिनिट आणखी. दाबल्यावर चेपत असेल तर वेळ टळून गेली आहे.

टप्पा ६: टोमॅटो-अंडी

चीनमध्ये स्वयंपाक शिकणाऱ्या मुलांना बहुधा सर्वांत आधी शिकवला जाणारा हा पदार्थ. आपण त्याची नकळत भुर्जी करतो. भुर्जीत अंडे टोमॅटोवर फोडतात. येथे अंडी वेगळी शिजवून बाहेर काढायची, टोमॅटोचा रस करायचा आणि मग दोन्ही एकत्र आणायचे. हा क्रम मोडला की अंड्याच्या मऊ घड्यांऐवजी लालसर चुरा हाती येतो.

साहित्य: अंडी ४, पिकलेले टोमॅटो ३५० ग्रॅम, पातीचा कांदा १, मीठ पाऊण छोटा चमचा, साखर एक ते दोन छोटे चमचे, तेल तीन मोठे चमचे.

टोमॅटोची निवड महत्त्वाची आहे. बाजारातला लांबट, टणक, जाड सालीचा टोमॅटो टिकाऊ असतो, पण त्याला रस कमी. तो घेतला तर साल काढावी आणि कढईत तीन-चार मोठे चमचे गरम पाणी घालावे लागेल. गोल, चपटा गावठी टोमॅटो मिळाला तर पाणी लागत नाही, मात्र तो आंबट असल्याने साखर वरच्या प्रमाणाने घ्यावी. साखर वगळू नये. पदार्थ गोड व्हावा यासाठी ती नसते. आंबटपणाची धार तिने बोथट होते आणि टोमॅटो अधिक पिकल्यासारखा लागतो. किती घालावी यावर चिनी घराघरांत मतभेद आहेत, म्हणून येथे चाखूनच ठरवावे.

१. अंड्यांत पाव छोटा चमचा मीठ घालून पांढऱ्याचे धागे दिसेनासे होईपर्यंत फेटावीत. टोमॅटोच्या मोठ्या फोडी कराव्यात.

२. कढई तापवून दोन मोठे चमचे तेल घालावे. ते अंड्यांना जास्त वाटते, पण कमी तेलात अंडी फुलत नाहीत. तेल चमकू लागले की अंडी एकदम ओतावीत. कडा लगेच फुगल्या पाहिजेत. पाच-सहा सेकंद हात लावू नये. मग उलथण्याने कडेचा शिजलेला भाग मध्याकडे सारावा, म्हणजे वरचे पातळ अंडे तळाशी जाते. मोठ्या घड्या राहू द्याव्यात.

३. वरचा भाग ओलसर असतानाच अंडी ताटलीत काढावीत. हे सगळे अर्ध्या-पाऊण मिनिटात होते.

सावधान: अंडी या वेळी पूर्ण शिजवली, तर टोमॅटोत परत गेल्यावर ती वातड होणारच. तांबूस डाग पडले असतील तर आच वाजवीपेक्षा मोठी आहे किंवा उशीर झाला आहे.

४. त्याच कढईत उरलेले तेल घालून पातीच्या कांद्याचा पांढरा भाग परतावा. टोमॅटो आणि उरलेले मीठ घालून मध्यम-मोठ्या आचेवर तीन-चार मिनिटे शिजू द्यावे. मिठाने रस सुटतो. निम्म्या फोडी विरघळलेल्या आणि निम्म्या आकार धरून असलेल्या हव्यात. आता साखर घालून चाखावे.

५. रस कढईच्या तळाला पसरण्याइतका दिसला की अंडी परत घालून अर्धा-पाऊण मिनिट हलक्या हाताने खालीवर करावीत. कच्चा ओलसरपणा या वेळी पूर्ण जातो. हिरवी पात घालून गॅस बंद करावा आणि गरम भातावर वाढावे.

टप्पा ७: ढोबळी मिरची घालून परतलेले चिकन

साहित्य: हाडे काढलेले चिकन २५० ग्रॅम, ढोबळी मिरच्या २, आल्याचा छोटा तुकडा, लसूण ३ पाकळ्या, तेल तीन मोठे चमचे.
चिकनला लावण्यासाठी: मीठ पाव छोटा चमचा, सोया सॉस दोन छोटे चमचे, मिरपूड चिमूटभर, पाणी एक मोठा चमचा, कॉर्नफ्लॉवर दोन छोटे चमचे, तेल दोन छोटे चमचे.
वाटीतला सॉस: सोया सॉस एक छोटा चमचा, साखर अर्धा छोटा चमचा, पाणी दोन मोठे चमचे, कॉर्नफ्लॉवर अर्धा छोटा चमचा.

१. चिकन अर्धा तास फ्रीजरमध्ये ठेवावे, म्हणजे ते घट्ट होऊन पातळ कापता येते. मांसाचे धागे कोणत्या दिशेने जातात ते पाहून त्यांना आडवे काप द्यावेत, तीन-चार मिलिमीटर जाडीचे. धाग्यांच्या दिशेने कापलेले तुकडे कितीही जपून परतले तरी चिवट लागतात.

२. लावण्याचा क्रम पाळावा. आधी मीठ, सोया सॉस, मिरपूड आणि पाणी घालून हाताने एकाच दिशेने मिनिटभर कालवावे, पाणी चिकनमध्ये पूर्ण जिरेपर्यंत. नंतर कॉर्नफ्लॉवर, आणि सर्वांत शेवटी तेल. तेल आधी घातले तर पाणी जिरत नाही. पंधरा-वीस मिनिटे ठेवावे.

तपासणी: भांड्याच्या तळाशी पाणी दिसता कामा नये, आणि तुकड्यांवर दाट पिठाचा थरही नको, ते नुसते बुळबुळीत लागले पाहिजेत.

३. तापलेल्या कढईत दोन मोठे चमचे तेल घालून चिकन एका थरात पसरावे. वीस-पंचवीस सेकंद हलवू नये. कॉर्नफ्लॉवरचा थर धरला की तुकडे आपोआप सुटतात. त्याआधी ओढले तर थर कढईलाच राहतो. मग परतून, बाहेरून पांढरे झाले आणि आत थोडे कमी शिजलेले असताना काढावे.

४. उरलेल्या तेलात आले-लसूण आणि मग ढोबळी मिरची मिनिटभर परतावी. चिकन परत घालावे, वाटी ढवळून सॉस कडेने सोडावा आणि तो चकचकीत होऊन तुकड्यांना लपेटेपर्यंत, साधारण एक मिनिट, परतावे.

तपासणी: सर्वांत जाड तुकडा कापून पाहावा. आत गुलाबीपणा दिसला तर अर्धा मिनिट आणखी परतावे.

टप्पा ८: अंड्याचा परतलेला भात

हा पदार्थ जेवणाच्या आदल्या दिवशी सुरू होतो. ताज्या भाताच्या शितांवर ओलावा असतो, त्यामुळे परतताना शिते फुटून चिकटतात. गार होऊन फ्रिजमध्ये राहिलेला भात घट्ट होतो आणि सुटा परतला जातो. तांदूळ कोलमसारखा मध्यम आणि मोकळा शिजणारा घ्यावा. इंद्रायणी मुळातच चिकट असल्याने टाळावा. पाणी रोजच्यापेक्षा किंचित कमी घालावे.

सावधान: भात रात्रभर ओट्यावर ठेवू नये. बॅसिलस सिरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू शिजवण्यातून वाचतात, कोमट भातात वाढतात आणि त्यांनी तयार केलेले एक विष पुन्हा परतल्याने नष्ट होत नाही. भात शिजल्यावर परातीत पातळ पसरून तासाभरात गार करावा, झाकून फ्रिजमध्ये ठेवावा आणि दुसऱ्या दिवशी संपवावा. त्याच दिवशी करायचा असेल तर पसरलेला भात पंख्याखाली गार करून तासभर उघडाच फ्रिजमध्ये ठेवावा.

दोघांसाठी ३०० ग्रॅम भात, २ अंडी, पातीचा कांदा २, दोन मोठे चमचे तेल आणि अर्धा छोटा चमचा मीठ पुरते. भाताची ढेकळे कढईत जाण्याआधी ओल्या हाताने मोडावीत. कढईत उलथण्याने मोडायला गेले की शिते तुटतात. तापलेल्या तेलात फेटलेली अंडी ओतावीत आणि ती निम्मी धरताच त्यांवर भात घालावा, म्हणजे पातळ अंडे शितांना लागते. मोठ्या आचेवर उलथण्याच्या पाठीने हलके दाबत आणि उलटत तीन-चार मिनिटे परतावे. शिते कढईत किंचित उडू लागली की मीठ आणि पातीचा पांढरा भाग, आणि शेवटी हिरवी पात घालावी. सोया सॉस घालायचाच असेल तर एक छोटा चमचा पुरे, तोही कडेने. जास्त घातला की कोरडा केलेला भात पुन्हा ओला होतो.

टप्पा ९: सगळे एकाच वेळी वाढायचे असेल तर

चार पदार्थ एका शेगडीवर करायचे असतील तर हा क्रम ठेवावा. आधी साधा भात लावावा. तो होईपर्यंत सगळे चिरावे, चिकनला मसाला लावावा, बटाटा पाण्यात ठेवावा आणि काकडीला मीठ लावावे. मग चिकन, नंतर बटाटा, आणि सर्वांत शेवटी टोमॅटो-अंडी. रस असलेला पदार्थ शेवटी केल्याने तो गरम वाढला जातो. चिकन सॉसमुळे थोडा वेळ उबदार राहते आणि बटाटा कोमट असला तरी चांगला लागतो, मात्र झाकून ठेवला तर वाफेने मऊ पडतो. परतलेला भात करणार असाल तर सोबत फक्त काकडी पुरे.

प्रत्येक पदार्थानंतर कढई गरम असतानाच पाणी घालून घासावी, पुसावी आणि पुन्हा तापवावी. लोखंडी कढई शेवटी आचेवर पूर्ण कोरडी करून तिला तेलाचा पातळ हात लावावा. टोमॅटोसारखा आंबट पदार्थ तिच्यात ठेवून देऊ नये. तो लोखंडाचा काळपटपणा आणि चव ओढून घेतो. उरलेले चिकन आणि टोमॅटो-अंडी दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवून दुसऱ्या दिवशी वाफ येईपर्यंत गरम करावे. एकदा परतलेला भात मात्र पुन्हा साठवू नये. तो लागेल तेवढाच करावा.